चौतीस अंशांचा हिवाळा

४ डिसेंबर

स्वेटर! बाहेर चौतीस अंश तापमान, नळाला येणारे पाणी थेट चहा टाकण्याच्या लायकीचे, आणि सूनबाईंनी आज बाजारातून स्वेटर आणले. एक नव्हे, पाच! चिरंजीवांना निळा, स्वतःला तांबडा, ठकीला पांढरा आणि त्यावर नाकाला गोंडा लावलेले हरीण, मला राखाडी. राखाडी हा रंग म्हाताऱ्यांसाठीच राखून ठेवलेला असावा.

"बाबा, परवापासून ठकीची हिवाळी सुट्टी आहे ना, म्हणून!"

हिवाळी सुट्टी. ज्या देशात हिवाळा नाही, त्या देशातील शाळा मुलांना हिवाळ्याची सुट्टी देते. वर्षभर घाम पुसून दमलेल्या लेकरांना थंडीपासून विश्रांती! माझी नात आठ वर्षांची झाली. तिने आजवर थंडी पाहिली ती फ्रीजचे दार उघडून.

पाचवा स्वेटर पिशवीतच आहे. तो सौ.चा. ती एकवीस तारखेला येते.

अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघे इतके दिवस वेगळे राहिलेलो नाही. मुलांनी आमची वाटणी केली. कन्येचे बाळंतपण होते, म्हणून सौ. तिच्याकडे, इथे सूनबाईंची नोकरी आणि ठकीची शाळा, म्हणून मी ह्यांच्याकडे. एका घराला आई मिळाली, दुसऱ्या घराला बाप. भांडण नाही, तंटा नाही. रीतसर झाली वाटणी. आम्हाला विचारलेही होते. "चालेल ना?" असे. सप्टेंबरपासून चालते आहे.

सतरा दिवस राहिले.


५ डिसेंबर

राखाडी स्वेटर घालून पाहिला. आत जाणे सोपे होते. बाहेर काढायला चिरंजीवांना हाक मारावी लागली.


७ डिसेंबर

सुट्टी लागली. घरात हिवाळा सुरू झाला. म्हणजे सूनबाईंनी दिवाणखान्यातील एसी सतरावर आणला, पडदे ओढले आणि टीव्हीवर शेकोटी लावली. होय, शेकोटी! तीन तासांची चित्रफीत आहे. तीच चार लाकडे तीन तास जळतात आणि संपत नाहीत. अशी लाकडे माझ्या आईला मिळाली असती तर तिचे अर्धे आयुष्य वाचले असते. चिरंजीव कामावरून आले, बूट काढले, आणि टीव्हीपुढे तळहात धरून चोळू लागले. हा मनुष्य सिमेंट कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. सिमेंटचे ठोकळे अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग यंत्राखाली फोडून त्यांची ताकद मोजायची, हे त्याचे काम. आणि हा काचेपुढे हात शेकतो!

बाहेर उकाडा, म्हणून आत थंडी. आत फार थंडी, म्हणून पडद्यावर विस्तव. ह्याला परदेशातील सुबत्ता म्हणतात.

खिडकीच्या काचांवर दव जमते, पण बाहेरच्या बाजूने. त्यामुळे ठकी बाल्कनीत जाते, घामाघूम होते, आणि काचेवर बोटाने हिमकण काढून पुन्हा आत येऊन कुडकुडते.

"आजोबा, खरी थंडी कशी असते रे?"

(ती मला "अरे-तुरे" करते. शिकवून थकलो.)

मी म्हणालो, खऱ्या थंडीत सकाळी अंथरुणातून पाय बाहेर काढवत नाही.

"मग तर मला इथे रोजच थंडी वाजते!"

आजीला विचारू म्हणाली. आजी आत्ता खऱ्या थंडीतच आहे, तेव्हा तिला जास्त माहीत असणार. ह्यावर वाद घालण्यासारखे काही नव्हते.


९ डिसेंबर

जेवताना सूनबाईंनी विषय काढला.

"बाबा, आईंच्या व्हिसाच्या अर्जाची झेरॉक्स आहे का हो तुमच्याकडे? एकदा नजर टाकली असती."

नजर! सूनबाई बंदरावरील एका मालवाहू कंपनीत कागदपत्रे तपासतात. कागदावर पेट्या किती, जहाजावर पेट्या किती, वजन जुळते का. जुळले नाही तर माल बंदरात पडून राहतो. कामाला मी कमी लेखत नाही. पण मी छत्तीस वर्षे शालेय पुस्तकांची मुद्रिते तपासली आहेत. माझ्या नजरेखालून गेलेल्या पुस्तकांवर दोन पिढ्या पास झाल्या. (नापासही झाल्या, त्यात मुद्रितशोधकाचा दोष नसतो.)

तो अर्ज भरायला मला चार संध्याकाळी लागल्या. सात पाने. एजंट नको म्हणालो. एजंट म्हणजे "इथे काहीही लिहा हो, चालतं" असे म्हणणारा प्राणी. सूनबाई मदतीला बसणार होत्या, त्यांनाही नको म्हणालो. सौ.चा पासपोर्ट (म्हणजे कन्येने पाठवलेली त्याची प्रत) समोर उघडा ठेवला, सूचनेबरहुकूम काळी शाई वापरली, एकही खाडाखोड केली नाही. अर्ज सौ.कडे गेला, तिने प्रत्येक पानावर सही केली, आणि कन्येने तो तिकडच्या कचेरीत नेऊन दिला. झाले.

म्हणून सूनबाईंना एवढेच म्हणालो, "तू आपल्या पेट्या मोज."

चिरंजीवांना ठसका लागला. पाणी पिऊनही बराच वेळ थांबला नाही. मला तो ठसका संशयास्पद वाटतो.


१२ डिसेंबर

सौ.शी बोललो. ती फोन असा धरते की पडद्यावर फक्त कपाळ दिसते. आज कपाळावर लोकरी टोपी होती.

"अहो, काय थंडी आहे म्हणून सांगू! धुकं इतकं की समोरचं फाटक दिसत नाही. साडेसातला उठते मी आजकाल!"

साडेसात! जी बाई अठ्ठेचाळीस वर्षे पाचच्या ठोक्याला उठत आली, ती! मी विचारले, प्रकृती बरी आहे ना?

"मस्त आहे. उठल्यावर आयता चहा मिळतो. दुपारी मी नि विहीणबाई पत्ते कुटतो. परवा मी सलग चार डाव जिंकले हो!"

पत्ते. घरात तान्हे बाळ, कन्या बाळंतीण, आणि दोन आज्या पत्ते कुटत बसल्या आहेत. सौ.ला पत्ते खेळता येतात हेही मला आजच समजले.

मी मुद्द्यावर आलो. बॅग भरायला घेतलीस का?

"व्हिसा आला की भरते की."

"आधी यादी कर. ऐन वेळी गोंधळ होतो."

"बरं."

सौ.चे "बरं" मोठे सोयीचे असते. इतक्या वर्षांत तिने माझ्याशी वाद घातल्याचे मला स्मरत नाही. लोकांच्या घरात काय काय चालते, ते पाहिले की आपण किती भाग्यवान हे ध्यानात येते.

नऊ दिवस.


१५ डिसेंबर

व्हिसा नाही. सहा दिवस राहिले. कचेरीत फोन केला असता यंत्र बोलते, ते संपले की दुसरे यंत्र बोलते. दोघांचेही उच्चार चुकीचे.


१६ डिसेंबर

अर्ज फेटाळला!

सूनबाई आज दुपारीच कामावरून परतल्या. हातातील पिशवी खाली न ठेवताच म्हणाल्या, "बाबा, आईंचा अर्ज परत आलाय. म्हणजे… काही विशेष नाही. त्यांच्याकडेच काहीतरी घोळ झालाय. आता सुट्ट्यांमुळे कचेरी बंद राहणार, ती उघडली की नव्याने द्यायचा."

"घोळ म्हणजे नेमके काय?"

"तांत्रिक काहीतरी."

तांत्रिक! आळशी माणसांच्या हाती हा शब्द कुणी दिला, त्याला शिक्षा व्हायला हवी. सात पाने, एक खाडाखोड नाही, आणि कुणा गाढवाने ती वाचण्याचे कष्टसुद्धा न घेता परत धाडली! नक्कीच कुणीतरी सुट्टीच्या घाईत होता. बॅग भरत असेल. स्वेटर घालून!

संध्याकाळी बसून तक्रारीचे पत्र लिहिले. तीन पाने. पहिल्या पानावर वस्तुस्थिती, दुसऱ्यावर त्या कारकुनाच्या पात्रतेविषयी काही प्रश्न, तिसऱ्यावर त्याच्या वरिष्ठांना उपदेश. सूनबाईंनी ते उभ्याउभ्या पूर्ण वाचले. त्यांच्या कचेरीच्या भाषेत उतरवून उद्याच पाठवावे, असे सांगितले.

"छान लिहिलंय, बाबा."

"छान असण्याचा प्रश्न नाही. ते झोंबायला हवे."

"झोंबेल," म्हणाल्या आणि आत गेल्या.

माझ्याकडे बघत नव्हत्या. इथल्या कचेऱ्यांचा कारभार असा उघडा पडल्याची त्यांना लाज वाटली असावी. इथे राहून राहून माणूस इथल्यांची लाजही स्वतःची मानू लागतो.


१७ डिसेंबर

सौ.ला कळवले.

"म्हणजे एकवीसला येणं नाही?"

"नाही. तो कारकून गाढव आहे."

"असू दे हो. सुट्टीचे दिवस, त्या बिचाऱ्याला तरी किती काम असेल!"

गाढवाची बाजू घेणारी माणसे जगात आहेत म्हणून गाढवांचे फावते. पण तिचा स्वभावच सोशिक. रडली नाही, चिडली नाही. उलट म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. वेळेवर जेवा." फोन ठेवून दिला.


२० डिसेंबर

काल गच्चीवर इमारतीचा "हिवाळी मेळावा" झाला. तपशील लिहून ठेवणे भाग आहे, कारण पुढे मलाच खोटा वाटेल.

ह्या इमारतीत चाळीस बिऱ्हाडे, दहा-बारा देशांची. एकमेकांची भाषा कुणाला येत नाही. घाम मात्र सर्वांना सारखा येतो. मेळाव्याचे सूत्रधार तळमजल्यावरचे शीतगृहवाले. गृहस्थ आपल्या भाषेचे, बंदरावरील मासळीच्या शीतगृहाचे व्यवस्थापक. गेल्या वर्षी त्यांनी साबणाच्या फेसाचा हिमवर्षाव केला होता म्हणे. मुलांचे डोळे चुरचुरले. यंदा त्यांनी पाटी लावली, "ह्या वर्षी अस्सल बर्फ! हिवाळी पोशाख आवश्यक."

पाचच्या उन्हात चाळीस बिऱ्हाडे स्वेटर घालून गच्चीवर जमली. मीही होतो, ठकीने हात धरून नेले. एका बाईने चक्क हातमोजे घातले होते आणि त्या हातांनी ती पंखा वारत होती.

शीतगृहातून किसलेल्या बर्फाची पोती आली. ताडपत्रीवर ओतली. खरे सांगायचे तर पहिल्या मिनिटाला मीही दोन पावले पुढे सरकलो. ढीग पांढराशुभ्र होता, त्यावरून वाफ निघत होती, मुले तोंडे उघडी टाकून पाहत होती. ठकीने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

मग वास आला.

बर्फ निर्मळ असेल, पण तो किसला होता मासळीच्या पेट्यांत भरायच्या यंत्रावर!

"अहो, मशीन धुतलं होतं मी! दोनदा!" शीतगृहवाले काकुळतीने सांगत होते.

"काका, कशानं धुतलंत?" चिरंजीवांनी विचारले. "कालवणानं?"

कावळे आधी आले. मग मांजरी, इमारतीत इतक्या मांजरी आहेत हे व्यवस्थापनालाही ठाऊक नसेल. तरीही पोरे ऐकेनात. सगळी त्या ढिगात लोळली. चिरंजीवांनी बर्फाचा माणूस करायला घेतला. तो उभा राहीना, तेव्हा त्याच्या पोटात बोट खुपसून अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "मिश्रणात पाणी जास्त आहे." सूनबाई हसता हसता ताडपत्रीवरच बसल्या. बर्फाचा माणूस माझ्या घड्याळाप्रमाणे अकरा मिनिटे टिकला. साडेपाचला गच्चीवर नुसते पाणी, आणि सहाव्या मजल्यावर गळती.

ठकीने त्यातला एक गोळा डब्यात घालून आमच्या फ्रीजमध्ये ठेवला आहे. "आजीसाठी. उद्या एकवीस ना?"

आजी उद्या येत नाही, हे तिला तीनदा सांगून झाले आहे. चौथ्यांदा माझ्याने सांगवले नाही. फ्रीजमधील दुधालाही आता बंदराचा वास येतो.


२१ डिसेंबर

विमानतळावर जायचे नव्हते. सूनबाईंनी त्यासाठी आठवड्यापूर्वीच अर्धी रजा घेऊन ठेवली होती, ती त्यांनी परत केली नाही. दुपारी घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "कॅरम खेळू या, बाबा." तीन डाव हरल्या. तिसरा तर मुद्दाम. राणी भोकाच्या तोंडाशी असताना कुणी असे भलतीकडे मारत नाही.


२३ डिसेंबर

सकाळी चहाबरोबर मी ठकीला त्या कारकुनाविषयी सांगत होतो. आपले काम नीट न केल्याने दुसऱ्यांच्या सुट्टीचा कसा विचका होतो, हे मुलांना उदाहरणासह समजावून द्यावे. मी म्हणालो, "आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी एक गाढव आहे."

ठकी बिस्किट चहात बुडवत म्हणाली, "मला माहितेय ते गाढव कोण आहे. पण आई म्हणाली, आजोबांना सांगायचं नाही."

"असे का? कोण आहे?"

"नाही ना सांगायचं!"

"मी कुणाला सांगणार नाही."

तिने विचार केला. बिस्किट चहात पडले.

"तू."

चिरंजीव आणि सूनबाई कामावर गेलेले. मी सूनबाईंच्या टेबलाचा खण उघडला. दुसऱ्याचा खण उघडणे असभ्य आहे. तेही करून झाले. फाईलमध्ये तिकडून आलेली, परत केलेल्या अर्जाची प्रत होती. माझे अक्षर. मोत्यासारखे! पहिल्या पानावर जन्मतारखेभोवती कचेरीतल्या माणसाने लाल वर्तुळ केलेले. एवढेच. एक वर्तुळ. त्या गाढवाने सात पाने वाचली होती आणि नेमके बोट ठेवले होते.

मी लिहिले होते: अकरा फेब्रुवारी. पासपोर्टवर आहे: एक जून.

आमच्या पिढीतील निम्मी माणसे एक जूनला जन्मली आहेत. शाळेत नाव घालताना मास्तरांना वय जुळवायला ती तारीख बरी पडे. पुढे तीच दाखल्यावर, तीच पासपोर्टवर, तीच सरकारदरबारी. सौ. प्रत्यक्षात जन्मली अकरा फेब्रुवारीला. लग्न ठरताना पत्रिका माझ्या हातात आली होती, तेव्हापासून मला पाठ आहे. अर्जात विचारले होते, "जन्मतारीख?" मी खरे उत्तर दिले.

तासभर मी स्वतःचा बचाव केला. प्रश्न जन्मतारखेचा होता, पासपोर्टवरील तारखेचा नव्हता. खरे लिहिणाऱ्याला शिक्षा, असा हा जमाना. इत्यादी. बचाव उत्तम चालला होता.

मग आठवले, पासपोर्ट समोर उघडा होता. चारही संध्याकाळी. मूळ प्रत समोर ठेवायची आणि तिच्याशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहायचे, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. मूळ प्रतीत काहीही असो. आपल्या मनातले घालायचे नाही. ते करणारा मनुष्य आमच्या छापखान्यात दुसऱ्या दिवशी दिसत नसे. दोघांना तर मीच घालवले होते.


२४ डिसेंबर

सूनबाई संध्याकाळी आल्या. मी ती प्रत टेबलावर ठेवून समोरच बसलो होतो. त्यांनी प्रत पाहिली, मला पाहिले, आणि आधी एसी बंद केला.

"ठकीनं सांगितलं ना? तरी तिला शपथ घातली होती."

"तू मला का सांगितले नाहीस?"

"तुम्ही जेवला नसता, बाबा."

"आणि माझे पत्र?"

"पाठवलं नाही."

"तीन पाने होती."

"पाठवलं असतं तर पुढचाही अर्ज गेला असता. तुम्ही त्यांच्या साहेबाला अंकलिपी गिरवायला सांगितलंय त्यात!"

मला हे वाक्य लिहिल्याचे आठवत होते. तेव्हा फार नेमके वाटले होते.

चिरंजीव आले, दाराशीच थबकले. "झालं? कळलं?" आणि मग कपाळाला हात लावून, "बाबा, मी तेव्हाच म्हणत होतो, हिला एकदा बघू द्या. तुमच्यापुढे बोलायची सोय असते का कुणाची?"

"सोय नसायला काय झाले?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. ठसका मात्र ह्या वेळी लागला नाही.


२६ डिसेंबर

नवा अर्ज भरला. काल दिवसभर बसलो होतो. एक जून. एक जून. एक जून. तीन ठिकाणी विचारतात.

आज तो सूनबाईच्या हाती दिला आणि म्हणालो, "बघ." एवढा एकच शब्द. तो बाहेर काढायलाही स्वेटरइतकेच कष्ट पडले.

तिने पासपोर्ट डाव्या बाजूला ठेवला, अर्ज उजव्या. डाव्या हाताचे बोट पासपोर्टवर, उजव्या हाती पेन्सिल. एक शब्द इकडचा, एक तिकडचा. घाई नाही, ओठ हलत नाहीत, पान उलटण्यापूर्वी पुन्हा एकदा वरून खाली. छापखान्यात मी नव्या माणसांना असे बसायला शिकवत असे. दहातल्या नऊ जणांना कधी जमले नाही. हिला कुणी शिकवले कोण जाणे. पेट्यांनी शिकवले असेल.

आणखी दोन चुका निघाल्या! पासपोर्टची मुदत एका वर्षाने पुढची टाकली होती, आणि एका ठिकाणी सौ.ऐवजी माझाच जन्मगाव लिहिला होता.

("माझेच" हवे होते का? "गाव" नपुंसकलिंगीही चालते— असो.)


२९ डिसेंबर

अर्ज ईमेलने तिकडे गेला. कन्येने छापून घेतला. कचेरी चार तारखेला उघडते. त्याआधी सह्या झाल्या आणि अर्ज रांगेत लागला, तर सौ. जानेवारीअखेरीस इथे असेल. ठकीची सुट्टी तोवर संपलेली असेल. घरातील हिवाळा मात्र सूनबाईच्या मनात येईल तोपर्यंत चालू ठेवता येतो, ही एक सोय.

चिरंजीव रोज विचारतात.

"बाबा, आईला सांगितलंत?"

"सांगेन."

"काय सांगाल?"

"कचेरी उघडली की नवा अर्ज—"

"बाबा."

"बरं," म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडी फारसा येत नाही. आज आला.


३० डिसेंबर

सौ.ला फोन केला. बोलायचे होते ते सोडून तिला तापमान विचारले. सहा अंश. तिने इथले विचारले. चौतीस. "जपा हं," म्हणाली. बाळ शिंकले, ते ऐकवले. विहीणबाईंचा हसण्याचा आवाज मागून येत होता. फोन ठेवल्यावर लक्षात आले की पाच मिनिटांत मी तिची एकही चूक काढलेली नाही. काढण्यासारख्या दोन होत्या.


३१ डिसेंबर

कन्येचा फोन.

"बाबा, आईनं अजून सह्या केल्या नाहीत हो. तीन दिवस झाले, कागद टीव्हीवर पडलेत. विचारलं की म्हणते, उद्या बघू."

उद्या! सात सह्यांना किती वेळ लागतो? मी म्हणालो, तिला दे फोन, मी सांगतो. कन्या म्हणाली, "आई खाली गेलीय. त्यांच्या पत्त्यांच्या मंडळाचं वर्षअखेरीचं काहीतरी आहे."

मंडळ! दोघींचे मंडळ कधी झाले?

इथे खाली अंगणात शीतगृहवाले नव्या वर्षासाठी पुन्हा काहीतरी पांढरे उधळणार आहेत. ह्या वेळी कापूस आहे, असे त्यांनी घरोघरी जाऊन शपथेवर सांगितले. मी गेलो नाही. सतरा अंशांत बसून टीव्हीतली लाकडे पाहत होतो. ठकी येऊन टेकून बसली आणि तशीच झोपली. तिच्या डोक्याखालचा हात बधिर झाला, काढला नाही.

मी बोललो असतो तर सौ.ने एव्हाना सह्या केल्या असत्या. तिला वाटत असेल, पुन्हा कुणी तरी परत धाडेल, कशाला उगाच. खरे कारण ठाऊक नाही, म्हणून ती टाळते आहे. सांगायला हवे.


२ जानेवारी

सकाळी दार लावून घेतले आणि सौ.ला फोन केला. म्हणालो, चूक कारकुनाची नव्हती. माझी होती. तुझी तारीख मी चुकीची लिहिली.

पलीकडेही दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

मग म्हणाली, "मला माहितेय. सही करतानाच दिसली होती."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तुम्ही दुरुस्त केली असती."